चौदशीचा टोमॅटो

आमच्या आणि जतनभाभींच्या अंगणामध्ये कमरेएवढी भिंत आहे. धुळ्याला देवपुरात आम्ही घर बांधलं तेव्हा आमच्या ह्यांना ती डोक्याच्या वर न्यायची होती, पण विटा कमी पडल्या आणि पुढे मीच म्हटलं, राहू द्या. एकोणीस वर्षं झाली त्याला. रोजची वही लिहायची माझी सवय माहेरपासूनची. वर तिथी, मग देवाचं काय केलं, स्वयंपाक काय, कोण आलं-गेलं. त्या वह्या परवा काढून बसले, तर जवळजवळ प्रत्येक पानावर ‘भिंतीशी भाभी भेटल्या’ हे वाक्य आहे. मागच्या मार्गशीर्षातल्या एका पानावर ते नाही. भाभी त्या दिवशीही भेटल्या होत्या. मी लिहिलं नाही.

जतनभाभींचं वय आता बहात्तर. माहेर राजस्थानातलं, पालीकडच्या एका खेड्यातलं. सतराव्या वर्षी लग्न होऊन धुळ्याला आल्या त्या इथल्याच झाल्या. बुटक्या, सडसडीत, चष्म्याला काळी दोरी, आणि डोक्यावरचा पदर कधी ढळलेला मी पाहिला नाही. त्यांचे यजमान हस्तीमलभाऊ यांचं बाजारात बारदानाचं दुकान होतं, म्हणजे धान्याच्या गोण्या, सुतळी, ताडपत्री. मुलगा मनन सुरतेला. घरात दोघंच. घर जैन, त्यामुळे दिवस मावळायच्या आत जेवणं उरकलेली, कांदा-लसूण-बटाटा नाही, आणि पंधरवड्यातल्या पाच तिथींना, बीज, पाचम, आठम, अग्यारस आणि चौदस, हिरवं काही तोडायचं नाही, चिरायचं नाही, खायचं नाही. त्या दिवशी त्यांच्याकडे पापडाची भाजी नाही तर बेसनाचे गट्टे. मी चतुर्थी-एकादशीवाली, त्या पाच तिथीवाल्या. कॅलेंडर मात्र दोघींचं एकच. ते माझ्याकडे टांगलेलं असे आणि त्या भिंतीवरून विचारत, “ताई, आज आठम लागली का?”

भाभी कशासाठी लक्षात राहाव्यात, असं मला कोणी विचारलं तर मी सांगेन, टोमॅटोसाठी. टमाटर, त्यांच्या भाषेत.

त्यांच्या सासूबाई होत्या तोवर टोमॅटो घरात येत नसे. बिया फार, म्हणून चालत नाही, असं त्यांचं म्हणणं. हस्तीमलभाऊंना तर टोमॅटो जिवापाड आवडायचा. ते दुकानात बसून मीठ लावून खायचे आणि धोतराला हात पुसून घरी यायचे. सगळ्या बाजाराला ठाऊक होतं, फक्त आईला ठाऊक नव्हतं. भाभींना होतं, कारण धोतर त्याच धुवायच्या. बावीस वर्षं त्यांनी ते डाग धुतले आणि नवऱ्याला एका शब्दाने विचारलं नाही. सासूबाई गेल्यावर वर्ष होऊ दिलं, त्यांच्या साधूंना, महाराजसाहेबांना, विचारून घेतलं, आणि मग माहेरून आणवलेलं बी मोरीजवळच्या वाफ्यात टाकलं. गावठी, चपटा, वर पाकळ्या पडलेला, सालीला पातळ आणि चवीला आंबट. पहिला टोमॅटो त्यांनी ताटात वाढला तेव्हा भाऊ म्हणे कितीतरी वेळ ताटाकडेच बघत बसले. “तुला कोणी सांगितलं?” असं विचारल्यावर भाभी म्हणाल्या, “धोतराने.”

धुळ्याची थंडी बाहेरच्यांना खरी वाटत नाही. उन्हाळ्यात इथे भाजून निघणारा माणूस डिसेंबरात पांझरा नदीकडून येणाऱ्या वाऱ्याने कुडकुडतो. या थंडीत टोमॅटो झाडावर लाल होईपर्यंत थांबायचं नसतं, हे मला भाभींनी शिकवलं. पहिल्या वर्षी माझे टोमॅटो झाडावरच हिरवेगार महिनाभर तसेच राहिले आणि मग डाग पडून गळाले. भाभी भिंतीशी आल्या, एक तोडून त्यांनी उलटा धरला.

“इथे बघा. फूल जिथून गळतं तिथे. आधी हिरव्यावर पांढुरकी झाक येते, मग इथे चांदणी फुटते, पिवळसर, किंचित गुलाबी. ती दिसली की झाडाचं देऊन झालं. पुढे ते नुसतं सांभाळतं. उन्हाळ्यात सांभाळू द्या. थंडीत रात्री सांभाळता येत नाही त्याला.”

तर चांदणी दिसली की तोडायचा. उन्हात ठेवायचा नाही, फ्रिजमध्ये तर नाहीच. घरात, बारदानाच्या तुकड्यावर, देठाची बाजू खाली, एकमेकांना न टेकता. चार-पाच दिवसांत लाल होतो. त्यात मी माझी भर घातली. मी सावद्याची, आमच्याकडे केळीचे घड कच्चेच उतरवतात, घरात कच्चं फळ पिकवायचं तर शेजारी एक पिकलेलं केळ ठेवतात. भाभींना ते फार पटलं. “म्हणजे तुम्हाला सगळं येत होतं की,” त्या म्हणाल्या, “फक्त केळ्याचं टमाटराला लावायचं सुचलं नाही.” तेव्हापासून दर थंडीत त्यांच्या खोक्यात माझ्याकडचं एक केळ असे.

झाडं झाकायचं काम हस्तीमलभाऊंचं. दिवस मावळायच्या आधी जुनी बारदानं घेऊन यायचे, काठ्या रोवून त्यावर टाकायचे, कडा विटांनी दाबायचे, सकाळी ऊन आलं की काढून घडी घालायचे. भाभी मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायच्या, “मला ताप आला तेव्हा कधी चादर ओढून दिली नाही. झाडाला बघा रोज पांघरूण.” भाऊ घडी घालता घालता म्हणायचे, “झाड उलटून बोलत नाही.”

मागच्या वर्षी श्रावणात भाऊंचं पोट दुखायला लागलं. आधी इथे दाखवलं, मग जळगावला नेलं. दोन महिने भाभी तिकडेच होत्या. दिवाळीच्या आधी घरी आणलं ते, आता घरीच ठेवा, जे मागतील ते द्या, असं डॉक्टरांनी सांगितल्यावर. मनन येऊन-जाऊन होता. मागतील ते द्या म्हटलं तरी भाऊ काही मागत नव्हते. मुगाचं पाणी दोन घोट, नाही तर तेही नको. भाभी वाटी घेऊन तासतासभर बसायच्या.

मी त्या वर्षी टोमॅटो लावले नव्हते, आणि भाभींचा वाफाही उशिरा लागला होता. भाभी जळगावहून मधे एक दिवस कपडे न्यायला आल्या होत्या, तेव्हा त्यांनी घाईघाईने रोपं टोचली आणि मला पाणी घालायला सांगितलं. त्यामुळे इतर वर्षी दिवाळीत टोमॅटो यायचे ते मार्गशीर्ष उजाडला तरी हिरवे. पाच फळं धरली होती. एक मोठं, माझ्या भिंतीकडे झुकलेलं, चार लहान.

एके दिवशी सकाळी भाभी भिंतीशी आल्या तेव्हा त्यांचा चेहरा वेगळा होता. भाऊंनी काहीतरी मागितलं होतं. “विचारत होते, यंदा टमाटर लागला का. मी म्हटलं, लागलाय, आठ दिवसांत देते.” हे सांगताना त्यांनी दोन्ही हातांनी भिंत धरली होती. मी म्हटलं, बाजारातून आणू का आज? त्यांनी मान हलवली. आपला मागितलाय, त्या म्हणाल्या.

तेव्हापासून रोज सकाळी त्या वाकून तो मोठा टोमॅटो बघायच्या. थंडी वाढत चालली होती. तेरशीला संध्याकाळी त्यांनी मला विचारलं, तुम्हाला दिसते का चांदणी? मी चष्मा लावून पाहिलं. पांढुरकी झाक होती, चांदणी नव्हती. मग आज नको, त्या म्हणाल्या, कोवळा तोडला तर लाल होईल पण चव धरणार नाही.

दुसऱ्या दिवशी मार्गशीर्ष शुद्ध चतुर्दशी. माझा दत्तजयंतीचा सप्ताह चालू होता, पारायणाचा सहावा दिवस. पहाटे अंघोळ करून, वहीत तिथी लिहून, मी तुळशीला पाणी घालायला बाहेर आले. केस ओले, अंगावर सोवळ्याचं लुगडं, आणि सूर्योदयाला पोथीसमोर बसायची घाई. भाभी वाफ्यात उभ्या होत्या.

“ताई, चांदणी आली.”

मी भिंतीवरून वाकले. टोमॅटोच्या बुडाशी, बोटाच्या पेराएवढी, पिवळी-गुलाबी. भिंतीपासून फळ हातभरावर होतं.

“आज चौदस आहे,” भाभी म्हणाल्या.

मी म्हटलं, हो ना, आत्ताच लिहिली.

त्यांनी पदर अंगाभोवती घट्ट ओढला. “रात्री फार थंडी पडणार म्हणतात.”

मी त्यांच्याकडे बघितलं. काय निष्ठा ही, असं माझ्या मनात आलं. घरात नवरा असा पडलेला, आणि ही बाई तिथी मोडत नाही. मला भरून आलं. मी म्हटलं, “भाभी, तुमच्यासारखं आमच्याच्याने होणार नाही. एका दिवसाने काय होतंय, उद्या सकाळी तोडा. देव राखेल.” आणि दोन्ही हात जोडले आणि आत गेले.

मी पोथी उघडली. मन छान लागलं त्या दिवशी, असं वहीत लिहिलेलं आहे.

संध्याकाळी भाऊंचा श्वास अडकायला लागला. डॉक्टर आले, ऑक्सिजनचं नळकांडं आलं, आमचे हे मदतीला गेले. झाडांवर बारदानं टाकायचं भाभींच्या ध्यानात राहिलं नाही. माझ्याही नाही. ती दिवसभर भिंतीवर घडी घालून ठेवलेली होती, माझ्याच बाजूला.

सकाळी रेडिओवर धुळ्याचा पारा सहावर आल्याचं सांगत होते. नदीकाठी आमच्याकडे त्याहून कमीच असणार. टोमॅटोची पानं काळपट पडून खाली लोंबत होती, जशी उकळत्या पाण्यातून काढलेली भाजी. भाभींनी पाचही फळं तोडली. मोठं तळहातावर घेऊन अंगठ्याने दाबून बघितलं. मला वरून ते चांगलंच दिसत होतं. मी म्हटलं, वाचलं की हो. भाभी म्हणाल्या, “आतून गारठलंय.”

तरी त्यांनी ते बारदानावर ठेवलं. मी केळ दिलं. दत्तजयंती झाली, मी सुंठवडा घेऊन गेले तेव्हा खोकं भाऊंच्या खाटेशेजारीच ठेवलेलं होतं, त्यांना दिसेल असं. भाऊंनी माझ्याकडे बघून डोळ्यांनीच खोक्याकडे दाखवलं. मी मान हलवली. होईल, म्हटलं.

चांदणी होती तेवढीच राहिली. रोज सकाळी भाभी फळ उलटं करून बघायच्या, भाऊ त्यांच्याकडे बघायचे, आणि त्या म्हणायच्या, अजून दोन दिवस. चौथ्या दिवशी देठाशी पाण्यासारखा मऊ डाग पडला. पाचव्या दिवशी खोकं खाटेजवळ नव्हतं.

त्या दिवशी मी देवपूजा तशीच ठेवून बाजार गाठला. सगळीकडे ते लांबट, जाड सालीचे टोमॅटो. शेवटी एका कोपऱ्यात पोतं अंथरून सुगंधाबाई नावाची एक बाई बसली होती, शिरपूरच्या वरच्या, डोंगराकडच्या गावाहून आलेली. तिच्यापुढे चपट्या, पाकळ्या पडलेल्या टोमॅटोंचा छोटा ढीग होता. मी उचलून उलटेसुलटे करून बघायला लागले तर ती म्हणाली, “काय देखतीस ताई, बठ्ठा गावठीच शे. डोंगरना आडोशाले पिकेल शेत.” म्हणजे सगळे गावठीच, डोंगराच्या आडोशाला पिकलेले. मी चार घेतले आणि त्यातला अगदी भाभींच्या टोमॅटोसारखा दिसणारा एक निवडला.

भिंतीवरून तो दिला तेव्हा भाभींनी तो लगेच घेतला नाही.

“मी खोटं बोलणार नाही, ताई. त्यांनी विचारलं तर.”

मी म्हटलं, नका बोलू. विचारणार नाहीत.

त्यांनी विचारलं. मी तिथेच होते, खाटेच्या पायथ्याशी. भाभींनी पातळ चकती केली, चिमूटभर मीठ लावलं आणि ती त्यांच्या ओठांशी धरली. भाऊंनी चकतीकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

“आपणो?” ते म्हणाले. आपला का, म्हणून.

भाभी चकती धरून तशाच बसल्या. ‘हो’ नाही, ‘नाही’ही नाही. मीठ चादरीवर पडत होतं. मग भाऊंनीच तोंड उघडलं. बराच वेळ त्यांनी ती चकती तोंडात घोळवली. मी त्याच ढिगातला एक घरी येऊन खाल्ला होता. गोड होता, आंबटपणाचं नावही नव्हतं.

“आंबट आहे,” भाऊ म्हणाले. “आपणोच.”

आणि त्यांनी भाभींच्या मनगटावर हात ठेवला. मी उठून बाहेर आले.

तिसऱ्या दिवशी, वद्य षष्ठीला, सकाळी साडेनऊला ते गेले. मनन पोहोचला होता.

महिना-दीड महिना भाभी भिंतीशी आल्या नाहीत. माणसं येत-जात होती, मीही जाऊन बसत होते, पण तिथे आमचं बोलणं होत नसे. माघात एक दिवस त्या आपण होऊन आल्या. वाफा उपटून ठेवला होता, माती उघडी होती. त्यांनी हात जोडले आणि मला म्हणाल्या, “मिच्छामि दुक्कडम.” त्यांच्याकडे क्षमा मागतात तसं. मला वाटलं, तेराव्या-चौदाव्याला काही राहून गेलं असेल. मी म्हटलं, अहो भाभी, मला कशाला?

तेव्हा त्यांनी सांगितलं. त्यांच्या नेमात तिथीला हिरवं स्वतः तोडायचं नाही, दुसऱ्याकडून तोडवायचं नाही, आणि कोणी तोडलंच तर बरं झालं असंही म्हणायचं नाही. तिन्हीचा दोष सारखा. “म्हणून तुम्हाला ‘तोडा’ म्हणता येईना. मी नुसती चौदस सांगितली. थंडी सांगितली. मला वाटलं, तुम्हाला चौदस नसते, तुम्ही सहज हात घालाल.”

मी भिंतीपलीकडच्या त्या उघड्या मातीकडे बघत राहिले.

“मनाने तर मी तुमच्याकडून तोडवलाच होता, ताई. दोष तर तेव्हाच लागला. टमाटर तेवढा हाती आला नाही.”

हे त्या रागाने म्हणाल्या असत्या तर मला सोसलं असतं. त्या माझीच क्षमा मागत होत्या, मला आपल्या दोषात ओढायला निघाल्या होत्या म्हणून. आणि मी त्या सकाळी त्यांना व्रताचं कौतुक ऐकवून, ओले केस पुसत, देवाकडे बसायला गेले होते. एकोणीस वर्षं ही बाई माझ्याशी बोलते. आठम असली की ‘आज आठम’ म्हणते आणि मग मी माझ्या अंगणातली कोथिंबीर दुसऱ्या दिवशी देते. ‘आज अग्यारस’ म्हणते आणि मी भाजीचा वाटा बाजूला ठेवते. त्या तिथी सांगतात तेव्हा काहीतरी सांगतात, हे मला ठाऊक होतं. त्या दिवशी मी फक्त तिथी ऐकली.

मी हे ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, तू तोडला असतास तरी पिकायला चार दिवस लागले असते, आणि माणूस काही टोमॅटोने वाचत नाही. खरं आहे. चार दिवस लागले असते. भाऊ त्या चौदशीनंतर सात दिवस होते.

यंदा भाभींनी वाफा लावला नाही. पण मोरीच्या पाण्यावर एक रोप आपोआप उगवलं, मागच्या वर्षीच्या कुठल्या तरी बीचं. भाभी त्याला पाणी घालत नाहीत आणि जीव आहे म्हणून उपटतही नाहीत. कार्तिकात त्याला एकच फळ धरलं. मी रोज माझ्या बाजूने बघत होते. मार्गशीर्ष लागला, थंडी आली. शुद्ध अष्टमीला सकाळी त्याच्या बुडाशी चांदणी दिसली. अंगणात भाभी नव्हत्या. मी भिंतीवरून पोटावर वाकले, एका हाताने भिंतीची कड धरली आणि टोमॅटो तोडला. एवढंसं काम. कोपराला थोडं खरचटलं.

बारदानाचा तुकडा भाऊंच्याच दुकानाचा माझ्याकडे होता, त्यावर ठेवला. केळ ठेवलं. पाचव्या दिवशी तो लालभडक झाला. मी तो पदरात धरून भिंतीशी गेले आणि भाभींना हाक मारली.

त्यांनी तो हातात घेतला. उलटा केला, अंगठ्याने दाबला, नाकाशी नेला. बराच वेळ नाकाशी धरून ठेवला.

“बरोबर दिवशी तोडला,” त्या म्हणाल्या.

मग परत माझ्या हातात दिला. भाऊ गेल्यावर त्यांनी टमाटरचा त्याग घेतला आहे, जन्मभराचा. मला ठाऊक नव्हतं. तुम्ही खा, म्हणाल्या, वाया घालवू नका. आणि पदर सावरून आत गेल्या.

मी ओट्याशी उभी राहून तो चिरला. मीठ लावलं. आंबट होता, दात आंबावेत इतका. सगळा खाल्ला, बियांसकट.

मग मागच्या वर्षीची वही काढली. मार्गशीर्ष शुद्ध चतुर्दशी. पारायणाचे अध्याय, नैवेद्याला शिरा, मन छान लागलं. खाली दोन ओळींची जागा कोरी होती. तिथे लिहिलं, भिंतीशी भाभी भेटल्या.